भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

निवृत्तीनंतर शल्यचिकित्सकाने आपल्या हातांचे काय करावे, हा प्रश्न मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दरवर्षी कोणी ना कोणी काढतोच. कोणी बागेत रमतो, कोणी तबला शिकू लागतो, कोणी नातवंडांच्या शाळेच्या वेळा सांभाळण्यात कृतार्थता मानतो. चाळीस वर्षे नाक-कान-घशाच्या अरुंद वाटांतून अवजारे चालविल्यावर माझ्या हातांना स्वस्थ बसवेना. घरामागच्या गॅरेजमधील जुनी मोटार विकली गेली होती आणि अठरा फूट लांब, दहा फूट रुंद अशी ती खोली मोकळी पडली होती. तेथे मी सुतारकाम मांडले. आरंभी करवत, रंधा आणि पटाशी एवढाच संसार होता. पुढे मेजाची गोल करवत आली, छोटे रंधा मशीन आले, बँड सॉ आली आणि हाती धरून चालवायचा सँडरही आला.

बडोद्यात सुतारकामाचा गुरू फार शोधावा लागत नाही. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी येथे कलाभवन स्थापन केले, तेव्हापासून हस्तकौशल्याला विद्येचा मान देणारे हे शहर आहे. जवळचे संखेडा गाव खरादावर उतरविलेल्या रंगीत लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध आहे. माझे गुरू मात्र याहूनही जवळचे, माझ्या दवाखान्याचेच जुने रुग्ण. आमच्या भागातील जुन्या वाड्यांचे दरवाजे, देव्हारे आणि झोपाळे ज्यांच्या हातून दुरुस्त झाले ते मिस्त्री. पहिल्या दिवशी ते गॅरेजच्या दारापर्यंत आले. मी मोठ्या उत्साहाने करवत सुरू करून सागाची एक फळी चिरून दाखविली. ते उंबरठ्याच्या आत आले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकावर धरला आणि करवत थांबल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लाकडाचं मी शिकवीन. पण आधी धुळीचं बघा. तुम्हाला हे मी सांगायला हवं का?"

खरोखरच त्यांनी ते मला सांगण्याची वेळ यायला नको होती.

कोरा राहिलेला रकाना

मी व्यवसायात असताना मिस्त्री माझ्याकडे प्रथम आले ते उजवी नाकपुडी चोंदते म्हणून. मी थेंब लिहून दिले. वर्षभराने पुन्हा आले, तेव्हा ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या वेळी "शिंकरल्यावर रुमालाला रक्त लागतं" असे म्हणाले, तेव्हा कोठे दुर्बीण आत गेली. उजव्या बाजूला, नाकाच्या छताजवळच्या फटीत, मांसल गाठ होती. तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आला, ॲडेनोकार्सिनोमा.

प्रौढ रुग्णाचे एकाच बाजूचे चोंदणे आणि एकाच बाजूचे रक्त यांकडे दुर्लक्ष करू नये, हे मी स्वतः निवासी डॉक्टरांना शिकवीत आलो होतो. त्या रात्री मी जुने केसपेपर काढून पाहिले. नाव, वय, पत्ता, तक्रार, सारे व्यवस्थित होते. 'व्यवसाय' हा रकाना मात्र तिन्ही वेळा कोरा होता. ज्या माणसाने माझ्या दवाखान्याचे टेबल केले, त्याचा व्यवसाय लिहून ठेवण्याची मला गरज वाटली नव्हती. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता' या एका प्रश्नाची भर घालावी असे सांगितले होते. तीन शतकांनंतरही मी तो विचारला नाही.

शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. मिस्त्री आज बरे आहेत आणि नियमित तपासणीला जातात. पण वास गेला. सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास, शिसवीचा गोडसर वास, देवदाराचा राळेचा वास यांवरून डोळे मिटून फळी ओळखणारा हा माणूस आता ती नखाने खरवडून आणि हाताने तोलून ओळखतो.

वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली गोष्ट

यात नवे असे काही नव्हते. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्या बनविणाऱ्या कारागिरांचे जुने गाव. तेथील नाक-कान-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण त्यांच्याकडे फारच येतात आणि त्यांत फर्निचरच्या कारखान्यांत काम करणारे पुष्कळ असतात. ॲचेसन, मॅकबेथ आदी सहकाऱ्यांसह त्यांनी हा संबंध १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे मनुष्यात कर्करोग निश्चितपणे घडविणाऱ्या घटकांत, स्थान दिले. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या डिंकातील फॉर्माल्डिहाइडलाही तेच स्थान नंतर मिळाले. साग, ओक, बीच यांसारख्या रुंद पानांच्या वृक्षांच्या कठीण लाकडाकडे या बाबतीत विशेष संशयाने पाहिले जाते. धुळीशी प्रथम संपर्क आणि रोग यांत अनेकदा तीन-चार दशके जातात, म्हणून कारागिराला दोहोंचा संबंध जाणवत नाही आणि डॉक्टरने विचारले नाही तर तो कळतही नाही.

हौशी माणसाला हा कर्करोग होण्याची शक्यता अर्थातच फार कमी. परंतु धुळीचे इतर उपद्रव दशकांची वाट पाहत नाहीत. वेस्टर्न रेड सीडर या लाकडातील प्लिकॅटिक आम्लामुळे होणारा दमा सर्वज्ञात आहे. आपल्याकडच्या सागात आणि शिसवीत क्विनोन वर्गातील अशी द्रव्ये असतात की ज्यांमुळे त्वचेला ॲलर्जी जडते. आणि ती एकदा जडली की पुढे थोडी धूळही पुरते.

आता माझ्या गॅरेजचा हिशेब पाहावा. छत दहा फुटांवर, म्हणजे खोलीत सुमारे ५१ घनमीटर हवा. युरोपीय संघाने २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीसाठी आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटरला २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली आहे. ब्रिटनमध्ये ती २०२० पासून ३ मिलिग्रॅम आहे. दोन मिलिग्रॅमने माझ्या साऱ्या खोलीला १०२ मिलिग्रॅम धूळ पुरते. पाचशे मिलिग्रॅमच्या पॅरासिटामोलच्या गोळीत जेवढे औषध असते, त्याचा हा पाचवा हिस्सा. दुसरीकडे, एक इंच जाडीची सागाची फळी तीन मिलिमीटर रुंदीच्या पात्याने एक मीटर चिरली, तर साधारण ५० ग्रॅम लाकडाचा भुसा होतो. त्याचा पाचशेवा भाग जरी हवेत तरंगत राहिला, तरी खोलीची हवा मर्यादेला पोहोचली. मिस्त्री उंबरठ्यावर का थांबले, हे त्या गणिताने मला पटले.

जमीन स्वच्छ, हवा घाण

पहिला उपाय केला तो घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा. त्याची ओढ जोरदार असते, पण अरुंद नळीतून जाणारी हवा थोडी असते. सँडरच्या मागे लावला तर तो उत्तम चालतो, कारण धूळ जेथे उठते तेथेच नळीचे तोंड असते. गोल करवतीपुढे मात्र तो निरुपयोगी ठरला. तेथे पात्याच्या खाली आणि माथ्यावर अशी दोन्हीकडे धूळ उडते आणि फिरते पाते स्वतःच पंख्यासारखी हवा फेकीत असते.

मग बाजारात ज्याला डस्ट कलेक्टर म्हणतात, ते दीड अश्वशक्तीचे यंत्र आणले. चाकांवर बसविलेली मोटार आणि पंखा, वर हवा गाळणारी कापडी पिशवी, खाली भुसा साठणारी पिशवी आणि चार इंची लवचीक नळी. जमीन लखलखीत राहू लागली. सौ.ने गॅरेजमध्ये प्रथमच चहा आणून दिला. संध्याकाळी येणारा माझा कोरडा खोकला मात्र काही गेला नाही.

हिवाळ्यातील एका दुपारी त्याचे उत्तर मिळाले. दोन दिवस काम बंद होते. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि हवा स्वच्छ दिसत होती. सहज म्हणून मी नुसता कलेक्टर सुरू केला. लाकडाला हातही लावला नाही. मिनिटाभरात ती तिरीप धुराने भरावी तशी दाट झाली. तो धूर पिशवीच्या कापडातून येत होता.

त्या कापडाची वीण सुमारे ३० मायक्रॉनपर्यंतचे कण सोडून देणारी होती. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात अडकतात आणि नाकाला पीडा देतात. पाचाहून लहान कण खोल फुप्फुसात उतरतात. या दोहोंनाही माझ्या पिशवीची आडकाठी नव्हती. एक मायक्रॉनचा कण तर स्थिर हवेतही डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला कित्येक तास घेतो. म्हणजे ज्याला झाडू पुरला असता तो ढोबळ भुसा माझे यंत्र ठेवून घेत होते, आणि ज्यासाठी यंत्र आणले ती धूळ खोलीभर वाटीत होते. कलेक्टर घेतला म्हणून निर्धास्त झालेला माणूस झाडूवाल्याहून अधिक धोक्यात असू शकतो, हा धडा मला त्या तिरिपेने दिला.

यानंतर सारी मांडणी पहिल्यापासून केली. मिस्त्री खुर्ची टाकून दारात बसत आणि मी जोडलेला प्रत्येक सांधा हात फिरवून तपासत. ज्या कोणा वाचकाला अशी हौस असेल, त्याच्यासाठी ती मांडणी क्रमाने सांगतो.

उगमापाशी पकडावे

हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकून विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहावी. फेकलेली हवा सरळ दूर जाते, ओढलेली हवा मात्र सर्व दिशांनी येते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके दूर गेले की ओढीचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या दशांशावर येतो. शस्त्रक्रियागृहात सक्शनचे टोक रक्त येते त्या जागीच धरावे लागते, तोच हा नियम. म्हणून करवतीच्या खालचा पेटारा फळ्या मारून बंद केला आणि त्याला तळाशी मोठे तोंड दिले. हवेला आत यायला जेवढी फट हवी तेवढीच ठेवली. पात्याच्या माथ्यावर पारदर्शक आच्छादन बसवून तेथूनही एक नळी नेली. वरची ही नळी बहुतेक जण टाळतात, पण कामकऱ्याच्या तोंडावर उडणारी धूळ नेमकी तेथलीच असते.

नळी रुंद, सरळ आणि आखूड असावी

भुसा नळीत न साचता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे वीस मीटर लागतो. या वेगाने चार इंची नळीतून मिनिटाला साधारण साडेनऊ घनमीटर हवा जाते. सहा इंचीतून एकवीस. बाजारात हाच आकडा घनफुटांत सांगतात, म्हणजे अनुक्रमे सुमारे ३३० आणि ७५०. मोठ्या यंत्रापाशी बारीक धूळ खेचून घ्यायला दुसरा आकडा लागतो. यंत्राच्या वेष्टनावर छापलेला आकडा बहुधा नळी आणि पिशवी न लावता मोजलेला असतो, त्यावर विसंबू नये.

आपण सारे प्वाझेचा नियम शिकलो आहोत, त्यात प्रवाहाचे त्रिज्येच्या चौथ्या घाताशी नाते असते. तो शांत प्रवाहाचा नियम. या नळीतील प्रवाह खळबळता असतो आणि तेथे तेवढीच हवा नेताना होणारी दाबाची हानी व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. चारऐवजी सहा इंची नळी घेतली की ती सातपटीहून अधिक घटते. सेप्टम थोडासा वाकला तरी रुग्ण का गुदमरतो, हे जाणणाऱ्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

सांडपाण्यासाठी मिळणारे १६० मिलिमीटरचे पीव्हीसी पाईप मी वापरले. काटकोनी वळण एका एल्बोने न घेता पंचेचाळीस अंशांच्या दोन बेंडनी घेतले. फाट्यासाठी टीऐवजी वाय वापरला आणि तिचा तिरका हात वाऱ्याच्या दिशेला ठेवला. लवचीक नळीच्या आतल्या वळ्या हवेला फार अडवितात, म्हणून ती यंत्राजवळ हात-दीड हातच ठेवली. प्रत्येक यंत्रापाशी सरकती झडप बसविली. एका वेळी एकाच यंत्राची झडप उघडी, बाकीच्या बंद. दीड अश्वशक्तीचा पंखा या नळीला पुरेना, तेव्हा मोठ्या पात्याचा तीन अश्वशक्तीचा पंखा घ्यावा लागला. हाच या कामातला मोठा खर्च. प्रथमच योग्य घेतला असता तर दोनदा पैसे गेले नसते.

सायक्लोन आणि त्याखालचे पिंप

नळीतून येणारी हवा पंख्याकडे जाण्यापूर्वी शंकूच्या आकाराच्या पत्र्याच्या पात्रात आडवी सोडतात. ती गोल फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खाली पिंपात पडतात आणि हलकी धूळ मधल्या नळीतून वर जाते. हा सायक्लोन. नाकातील टर्बिनेट हवेला वळण देऊन कण भिंतीवर आदळवितात, तिच्याच जातीची ही युक्ती आहे. यामुळे फिल्टरवर भुशाचा भार येत नाही आणि चुकून आलेला खिळा पंख्याच्या पात्यावर आदळत नाही.

यात मी एक चूक केली. पिंपाचे झाकण नुसते वरून ठेवले. भुसा खाली पडेचना, सारा फिल्टरकडे जाई. मिस्त्रींनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरविले आणि म्हणाले, "वारा खालून येतोय साहेब, पडेल कसा?" रबराची पट्टी आणि आवळपट्टा लावताच काम सुरळीत झाले. पिंप तीन-चतुर्थांश भरण्यापूर्वी रिकामे करावे. नाहीतर फिरती हवा पडलेला भुसा पुन्हा वर उचलते.

शेवटची गाळणी आणि मोकळी खिडकी

कापडी पिशवीऐवजी घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर बसविला. घड्यांमुळे गाळण्याचे क्षेत्र पुष्कळ वाढते, म्हणून बारीक वीण असूनही हवा फारशी अडत नाही. परंतु खरा लाभ झाला तो जागा बदलल्याने. पंखा आणि फिल्टर दोन्ही मी गॅरेजच्या मागच्या भिंतीबाहेर, पत्र्याच्या छपराखाली नेले. थंड देशांत असे करताना खोलीतील ऊब बाहेर जाते, म्हणून तेथील लोक हवा गाळून परत आत घेतात. बडोद्याला ती चिंता नाही. फिल्टरमधून काही निसटले तरी ते माझ्या खोलीत परतत नाही, आणि फिल्टर असल्याने शेजाऱ्यांच्या दोरीवरील कपड्यांवरही जात नाही. पंख्याचा आवाजही बाहेर गेला.

मिनिटाला एकवीस घनमीटर हवा बाहेर जाते, म्हणजे जेमतेम अडीच मिनिटांत साऱ्या खोलीची हवा पालटते. तेवढी ताजी हवा आत यावी म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. बंद खोलीत पंख्याची उपासमार होते. त्याच खोलीत गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल, तर तिचा विषारी धूर उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो, याचेही भान ठेवावे.

फिल्टर तुंबला हे कळण्यासाठी पंखा आणि फिल्टर यांच्यामधल्या भागात एक बारीक नळी खोचली, पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरले आणि तो फळीवर ठोकला. दुसरे तोंड मोकळे. रक्तदाबाच्या पाऱ्याच्या यंत्राचा हा गरीब भाऊ. फिल्टर नवा असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढे अंतर पडते, तेथे खूण केली. अंतर दुप्पट झाले की फिल्टर उघड्यावर नेऊन, मास्क लावून साफ करतो.

वीज आणि ठिणगी

करवत आणि पंखा एकाच वेळी चालतात, म्हणून दोघांना मुख्य पेटीपासून स्वतंत्र तारा आणि स्वतंत्र एमसीबी दिल्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. कोरड्या दिवसांत प्लॅस्टिकच्या पाइपात वाहणाऱ्या भुशाने स्थिर वीज साठते आणि हाताला झटका बसतो. पत्र्याची नळी अर्थिंग करून वापरणे अधिक चांगले. पीव्हीसी वापरलाच तर त्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडल्याने झटके कमी होतात. घरगुती आकाराच्या कामात मोठी भीती आहे ती भुशाच्या ढिगात पडलेल्या ठिणगीची. धार लावण्याचे सहाणयंत्र या नळीला कधीही जोडू नये. लोखंडाची एक तापलेली कणी पिंपात तासन्‌तास धुमसत राहू शकते. काम संपल्यावर पिंप रिकामे करावे, भुसा घराबाहेर ठेवावा.

मास्क शेवटी, पण सोडू नये

एवढे करूनही काही धूळ सुटतेच. सँडरची धूळ सर्वांत बारीक, म्हणून त्याला छिद्रे असलेला कागद लावून व्हॅक्यूमची नळी जोडावी. हाताने काचकागद घासायचा तर उघड्यावर घासावा. कोरड्या झाडूने झाडणे आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे, या दोन सवयी मी कायमच्या बंद केल्या; ओल्या फडक्याने पुसतो. काम थांबल्यावरही पंखा दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवतो. मास्क घालतोच. २०२० नंतर एन-९५ म्हणजे काय आणि तो नाकाशी घट्ट बसवावा कसा, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण मास्क ही अखेरची तटबंदी आहे. संसर्गनियंत्रणात ज्याप्रमाणे आपण आधी उगम, मग मार्ग आणि शेवटी माणूस पाहतो, तोच क्रम येथेही आहे.

सारे जमल्यावर मी पुन्हा पश्चिमेच्या तिरिपेची वाट पाहिली. फळी चिरली, पंखा चालू ठेवला. तिरीप पूर्ण निर्मळ राहिली असे म्हणणार नाही, पण तिच्यातून समोरची भिंत स्पष्ट दिसत होती. संध्याकाळचा खोकला काही आठवड्यांत थांबला. मिस्त्री त्या दिवशी उंबरठा ओलांडून आत आले आणि त्यांनी मला पहिला धडा दिला, सांध्याची चूल आणि तिची भोक मापून कशी घ्यावी, याचा.

दुसरे दुकान

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. मिस्त्रींचा मुलगा भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवितो. तीन यंत्रे आणि दोन तरुण कारागीर. मी हौसेने आठवड्यात दहा तास लाकूड कापतो. ती मुले दिवसाला तेवढे काम करतात. धुळीचा विषय काढला तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "काका, तुमचं खरं आहे. पण गिऱ्हाईक पाइप बघून पैसे देत नाही. आणि गाळा माझा नाही, भिंत कशी फोडू?" वडिलांचे आजारपण त्याने जवळून पाहिले आहे. त्याला अज्ञान नाही, अडचण आहे.

आम्ही एकदम सारे करण्याचा नाद सोडला. आधी सँडरला व्हॅक्यूम लावला, कारण तो स्वस्त आणि त्याचा गुण मोठा. मग माझा जुना दीड अश्वशक्तीचा कलेक्टर पिशवी काढून केवळ करवतीसाठी तेथे दिला. त्याचे तोंड मागच्या शटरमधून बाहेर मोठ्या, बंद पेटीत सोडले आणि पेटीला कार्ट्रिज लावला. भिंत फोडावी लागली नाही. रंधा मशीन अजून तसेच आहे. उन्हाळ्यात मुले मास्क गळ्यात उतरवितात. मिस्त्री दुकानात असले की वर चढवितात. ते काही बोलत नाहीत, नुसते आपल्या नाकाच्या उजव्या बाजूवर बोट ठेवतात.

आपल्यापैकी फार थोडे जण गॅरेजमध्ये करवत मांडतील. परंतु आपल्या प्रत्येकाच्या बाह्यरुग्ण विभागात सुतार येतो, पॉलिशवाला येतो, सॉ मिलवरचा मजूर येतो. चोंदलेले नाक, न हटणारा खोकला, हातावरचे चट्टे घेऊन तो येतो आणि आपण थेंब, सिरप, मलम लिहून देतो. त्याला दोन प्रश्न विचारावेत. तुम्ही काम काय करता? आणि सुट्टीच्या दिवसांत बरे वाटते का? एकाच नाकपुडीची तक्रार असेल, तर त्याच दिवशी दुर्बिणीने पाहावे किंवा जो पाहू शकेल त्याच्याकडे पाठवावे. केसपेपरवरील 'व्यवसाय' हा रकाना भरायला अर्धा मिनिटही लागत नाही. तो कोरा सोडू नये, एवढीच माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती.